ओ बे! काळ्या चष्म्याचा तो पिक्चर अजून मरत का नाही

आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतनं माझा भाचा एक काळा टी-शर्ट घेऊन आला, दीडशे रुपयाला, छातीवर मोठी चार इंग्रजी अक्षरं. आईनं विचारलं काय लिहिलंय रे त्याच्यावर, तर म्हणतो "ओबे". आई म्हणाली, दिवसभर तोंडानं "का बे, ओ बे" चालूच असतंय तुमचं, आता छातीवर पण लिहून फिरायला लागलाव का. सगळे हसले. मी म्हणलं अरे पण अर्थ काय त्याचा, तर म्हणे "अर्थ काय असतोय मामा, ब्रँड आहे तो."

अर्थ असा की ओबे म्हणजे आज्ञा पाळ, सांगतील तसं कर. आणि हा शब्द असा एकटाच ठळक अक्षरात जगभर भिंतींवर आणि छात्यांवर आला तो १९८८ च्या एका पिक्चरवरनं, नाव "दे लिव्ह", दिग्दर्शक जॉन कार्पेंटर. पिक्चरमध्ये तो शब्द कपडे विकायला नव्हता, उलट विकणाऱ्यांचं पितळ उघडं पाडायला होता. भाच्याला हे सांगायला बसलो त्यात दोन तास गेले, तेव्हा म्हणलं लिहूनच टाकावं. मी काय पिक्चरचा अभ्यासक नाही, फ्लेक्सचं डिझाइन करतो, सोळा-सतरा वर्षं झाली, पण मला वाटतं हा पिक्चर फ्लेक्सवाल्याला जरा जास्तच कळतो.

गोष्ट सांगतो, शेवटासकट सांगणार आहे, ज्यांना कोरा बघायचाय त्यांनी आधी बघून या, दीड तासाचाच आहे.

एक बेकार कामगार पाठीला पिशवी लावून लॉस एंजलिसला येतो. बांधकामावर काम मिळतं, राहायला जागा नाही म्हणून बेघर लोकांच्या वस्तीत राहतो. माणूस साधा, सुरुवातीला तर तो म्हणतो की माझा या देशावर विश्वास आहे, नियमानं वागलं की आपलंही होईल काहीतरी. मग एका रात्री पोलीस बुलडोझर घालून ती वस्ती उडवतात. शेजारच्या चर्चमध्ये काहीतरी गुपचूप चाललेलं असतं, तिथं त्याला एक खोका सापडतो, त्याला वाटतं पैसे असतील, निघतात साधे काळे गॉगल. एक गॉगल घालून तो रस्त्यावर येतो आणि समोर बघतो तर सगळं ब्लॅक अँड व्हाइट, आणि प्रत्येक बोर्ड पांढरा कोरा, त्याच्यावर काळ्या अक्षरात एकच हुकूम. कंप्युटरची जाहिरात असते तिथं "आज्ञा पाळ". समुद्रकिनारी बाई पहुडलेली, सुट्टीला या म्हणणारी जाहिरात, तिथं "लग्न कर, पोरं काढ". दुकानांवर, मासिकांवर, सगळीकडं तेच, खरेदी कर, टीव्ही बघ, झोपून राहा, प्रश्न विचारू नको. पेपरवाल्याच्या हातातल्या नोटेवर लिहिलेलं असतं "हा तुझा देव". गॉगल काढला की परत रंगीत.

शिवाय चांगल्या कपड्यातल्या काही लोकांचे चेहरे गॉगलमधनं कवटीसारखे दिसतात, ते परग्रहावरचे. मग मारामाऱ्या, बंदुका, शेवटी टीव्ही स्टेशनच्या गच्चीवरची अँटेना उडवून हिरो मरतो आणि सगळ्यांना गॉगल नसताना पण खरं दिसायला लागतं. परग्रहवासीयांचा भाग मला विशेष वाटत नाही, खरं सांगतो. मुखवटे तर असे की आपल्याकडच्या गणपतीच्या देखाव्यात याहून बरे असतात. सगळा पिक्चरच तीस-चाळीस लाख डॉलरमधला, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबानं चिल्लर. पण त्या पाट्या! त्या पाट्यांचा सीन जेमतेम काही मिनिटांचा आहे आणि पस्तीस वर्षांहून जास्त झाली तरी अख्खा पिक्चर त्याच्यावर जगतोय.

आता माझ्या धंद्याच्या नजरेनं सांगतो. जुन्या पिक्चरमधली जाहिरात कधी जुनी वाटते? फॉन्टवरनं कळतंय, रंगावरनं, मॉडेलच्या केसांवरनं, त्या कंप्युटरच्या डबड्यावरनं. १९८८ च्या त्या रस्त्यावरच्या रंगीत जाहिराती आज बघितल्या की म्युझियममध्ये आल्यासारखं वाटतं. पण गॉगलमधनं दिसणाऱ्या पाट्यांना ना लोगो, ना रंग, ना माणसाचा फोटो, ना सालाचा काही पुरावा, पांढऱ्यावर काळी साधी ठळक अक्षरं आणि विषय संपला. त्यामुळं त्या जुन्या होतच नाहीत. ती पाटी उचलून कुठल्याही शहरात कुठल्याही बोर्डावर चिकटवा, बसते. अगदी सात रस्त्यावर पण बसते. मी पिक्चर पहिल्यांदा बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीवरनं पार्क चौकातनं चाललो होतो, सिग्नलला थांबलो, समोर वाढदिवसाचा फ्लेक्स, मीच केलेला, वर दादांचा भला मोठा फोटो, गळ्यात चेन, डोळ्यावर गॉगल, खाली शुभेच्छुकांचे बावीस पासपोर्ट साइज फोटो, आणि डोक्यात आपोआप पांढरी पाटी आली: "मी कोणाचा माणूस आहे ते लक्षात ठेव." पुढं दागिन्यांच्या दुकानाचं होर्डिंग, नवरीचा फोटो. पाटी: "पोरीच्या बापा, काढ पैसे." त्याच्या पुढं क्लासेसचा बोर्ड, टॉपर पोरांचे फोटो, टक्के लाल अक्षरात. पाटी: "घाबर."

हे एकदा सुरू झालं की थांबत नाही, करून बघा. आणि मला वाटतं पिक्चर टिकण्याचं खरं कारण इथंच आहे. बाजारावर टीका करणारे पिक्चर ढिगानं झाले, ते तुम्हाला मत देतात, की बाबा हे वाईट आहे, आणि मत काय चार दिवसांनी विसरतं. या पिक्चरनं मत नाही दिलं, हातात एक वस्तू दिली. चष्मा.

गंमत म्हणजे मूळ कथेत हा चष्मा नव्हताच. रे नेल्सन नावाच्या लेखकानं १९६३ मध्ये एक छोटी विज्ञानकथा लिहिली होती, त्यात संमोहनाच्या प्रयोगातनं एक माणूस जरा जास्तच जागा होतो आणि त्याला सगळं दिसायला लागतं. कार्पेंटरनं पडद्यासाठी काळे चष्मे घातले त्यात. कथेत एकदा जाग आली की आलीच, चष्म्याचं मात्र तसं नाही, तो घालायचा की काढायचा हे आपल्या हातात असतं. तिथंच खरी पंचाईत आहे, ती पुढं सांगतो.

आधी हा पिक्चर तेव्हाच का आला ते थोडक्यात. अमेरिकेत १९८१ ला रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष झाले. सगळ्यात श्रीमंत लोकांच्या वरच्या उत्पन्नावरचा टॅक्स तेव्हा ७० टक्के होता, तो १९८८ पर्यंत २८ टक्क्यांवर आला. त्याच १९८१ मध्ये संपावर गेलेल्या ११ हजारांहून जास्त हवाई वाहतूक नियंत्रकांना रेगननी सरळ कामावरनं काढून टाकलं. कारखाने बंद पडत होते, एकीकडं सुटाबुटातली नवश्रीमंत पोरं आणि दुसरीकडं फुटपाथवर झोपणारे लोक. कार्पेंटरनं स्वतः सांगितलंय की टीव्ही लावला की जो तो आपल्याला काहीतरी विकायलाच बसलाय असं दिसायला लागलं. पिक्चर ४ नोव्हेंबर १९८८ ला लागला आणि बरोबर चार दिवसांनी तिथं अध्यक्षपदाची निवडणूक होती, त्यात रेगनचेच उपाध्यक्ष जॉर्ज बुश निवडून आले. पहिल्या आठवड्यात पिक्चर एक नंबरला होता, नंतर खाली गेला, एकूण १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास कमावले, म्हणजे फ्लॉप नाही, पण कोणी डोक्यावर घेऊन नाचलं असंही नाही. व्हिडिओ कॅसेट, केबल, नंतर इंटरनेट, असा हळूहळू मुरत गेला. अशाच पिक्चरला कल्ट म्हणतात, थेटरात कमी आणि घरोघरी जास्त चाललेला.

सोलापूरच्या माणसाला तो काळ समजावून सांगावा लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, पुढं काय झालं ते आपल्याला माहिती आहे. आपल्याकडं १८७७ ला सुरू झालेली जुनी मिल त्याच्या आधीच गेलेली, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकेक करत थंड झाल्या. भोंग्यावर उठणारं गाव होतं हे. माझे आजोबा मिलमध्ये होते, भोंगा बंद झाल्यावर पण ते त्याच टायमाला उठून अंगणात बसायचे. पिक्चरमधला तो पिशवीवाला माणूस बघताना मला परग्रह-बिरग्रह आठवत नाही, मिल सुटल्यावर हाताला काम शोधत फिरणारे ते लोक आठवतात.

अजून एक गोष्ट, जी अमेरिकन प्रेक्षकाला ऐकायला येते आणि आपल्याला टोचते. पिक्चरमध्ये एक पात्र सांगतं की हे परग्रहवाले पृथ्वीकडं त्यांचं "तिसरं जग" म्हणून बघतात, स्वस्तात माल आणि मजूर मिळायची जागा. कार्पेंटर अमेरिकन माणसाला विचारत होता की तुम्ही बाकीच्या जगाला जसं वागवता तसं तुम्हाला कोणी वागवलं तर? आपण तर त्या यादीत आधीपासनंच आहोत. एमआयडीसीत विणलेला टॉवेल, सूत तेच, वीण तीच, परदेशी लेबल लागलं की तिकडच्या शोरूममध्ये किंमत वेगळीच. टॉवेलनं अंग पुसायचं तेवढंच, पण त्या वरच्या पैशात माणूस टॉवेल नाही, स्वतःबद्दलचं एक मत विकत घेत असतो. ग्राहक संस्कृती ग्राहक संस्कृती म्हणतात ती एवढीच, गरज भागवायला नाही तर आपण कोण आहोत हे ठरवायला वस्तू घेणं.

हे आपोआप झालेलं नाही. १९२९ मध्ये न्यूयॉर्कला ईस्टरच्या परेडमध्ये काही बायका जाहीरपणे सिगरेट ओढत चालल्या, ती सिगरेट म्हणजे "स्वातंत्र्याची मशाल" म्हणून पेपरात गाजलं. ते घडवून आणलं होतं एडवर्ड बर्नेज नावाच्या प्रसिद्धीवाल्यानं, सिगरेट कंपनीसाठी. बायकांनी ओढू नये असा रिवाज होता, म्हणजे निम्मं गिऱ्हाईक हातचं जात होतं, म्हणून धूर न विकता स्वातंत्र्य विकलं. आणि आपल्याकडं हजार विड्यांच्या हिशोबानं मजुरी घेणाऱ्या, मान मोडेपर्यंत विड्या वळणाऱ्या बायका घरोघरी आहेत, त्यांना कोणी मशाल-बिशाल म्हणलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता एक गैरसमज काढायला पाहिजे, कारण पिक्चर बघून बऱ्याच जणांना वाटतं की जाहिरातीत खरंच गुप्त संदेश लपवलेले असतात. ही भीती अमेरिकेत आधीपासनं होती. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी नावाच्या मार्केटिंगवाल्यानं जाहीर केलं की थेटरात पिक्चर चालू असताना डोळ्याला कळणारही नाही इतक्या वेगानं "पॉपकॉर्न खा", "कोला प्या" असं चमकवलं आणि पॉपकॉर्नचा खप ५७ टक्क्यांहून जास्त वाढला. केवढा गोंधळ झाला! आणि १९६२ मध्ये त्यानंच कबूल केलं की त्यात दम नव्हता, स्वतःची कंपनी चालावी म्हणून केलेला खटाटोप होता. पण अफवा एकदा सुटली की सुटली, आज पण लोक छातीठोकपणे सांगतात.

फ्लेक्सवाला म्हणून सांगतो, लपवायची गरजच नसते. गिऱ्हाईक मला कधीच म्हणत नाही की गुपचूप काहीतरी टाक. तो म्हणतो मोठं कर, अजून मोठं कर, लाल कर, "फक्त ३ दिवस" टाक, पुढच्या महिन्यात परत येतो आणि म्हणतो तीच फाइल काढ, तारीख बदल. सगळं उजेडात असतं. पिक्चरचा गॉगल पण लपलेलं काही शोधत नाही असं माझं मत आहे, तो भाषांतर करतो. बोर्डावर जे उघड लिहिलंय त्याचं घरगुती भाषेत भाषांतर. "ही ऑफर तुमच्यासाठी" याचं भाषांतर "खरेदी कर". एवढंच. आणि रोज समोर असलेलं दिसत नाही ते ते लपलंय म्हणून नाही, सवय झालीय म्हणून.

मारामारीबद्दल सांगितल्याशिवाय हा पिक्चर पूर्ण होत नाही. हिरोला वाटतं आपल्या मित्रानं पण गॉगल घालून बघावं. मित्राचं काम कीथ डेव्हिड या नटानं केलंय, तो पण कामगार, लांब गावाकडं बायको-पोरं, त्याचं म्हणणं मला या भानगडीत पडायचं नाही, मी सरळ रेषेत चालतोय, मला चालू दे. हा म्हणतो घाल, तो म्हणतो घालत नाही, आणि गल्लीत दोघं एकमेकांना तुडवायला लागतात ते पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ. एका साध्या चष्म्यासाठी! दोघांनी त्याची कितीतरी दिवस तालीम केली होती. हिरो रॉडी पायपर हा मुळात डब्ल्यूडब्ल्यूएफचा पैलवान, आपण शाळेत पत्ते खेळायचो त्या डब्ल्यूडब्ल्यूएफचा. पहिल्यांदा बघताना मला वाटलं पैलवान घेतलाय म्हणून उगंच कुस्ती लांबवली. पाणीवेशीत निकाली कुस्ती बघणाऱ्या आमच्या मामांनी तर सरळ म्हणलं, दोघं पण दमलेत, पंचानं सोडवायला पाहिजे होती.

स्लाव्हॉय झिझेक म्हणून स्लोव्हेनियाचे एक तत्त्वज्ञ आहेत, त्यांनी २०१२ च्या एका डॉक्युमेंटरीत या कुस्तीचं जे सांगितलं ते मला पटलं. आपण नेहमी समजतो की आपल्या डोळ्यावर चुकीचा चष्मा आहे, तो काढला की सत्य दिसेल. इथं उलटं आहे, उघड्या डोळ्यांना खोटं दिसतं आणि खरं बघायला चष्मा चढवावा लागतो, म्हणजे मेहनत आहे, आणि ते दुखतं पण. पिक्चरमध्ये तो गॉगल जास्त वेळ घातला की डोकं दुखायला लागतं. म्हणून मित्र इतका जीव तोडून नको म्हणतो. त्याला आतनं माहिती आहे की एकदा बघितलं की परत आधीसारखं राहता येणार नाही. तुम्ही कधी घरात कोणाला म्हणून बघा की लग्नात एवढं कर्ज काढून हॉल कशाला, डीजे कशाला, प्री-वेडिंग शूट कशाला. पाच मिनिटं काय, पाच वर्षं कुस्ती चालेल.

आणि म्हणून पिक्चरमधले सगळ्यात वाईट लोक मला कवटीवाले वाटत नाहीत. शेवटी शेवटी एक पार्टी आहे, तिथं चांगले धडधाकट मानव कोट घालून जेवतायत, त्यांना सगळं माहिती आहे, चष्म्याची गरजच नाही, त्यांनी फक्त हिशोब केलाय. बेघर वस्तीत हिरोच्या बाजूला राहणारा एक माणूस पण तिथं भेटतो, कोट-टायमध्ये, खुशीत.

आता टी-शर्टकडं येतो. १९८९ मध्ये शेपर्ड फेरी नावाच्या आर्ट कॉलेजच्या पोरानं आंद्रे द जायंट या पैलवानाच्या चेहऱ्याचं स्टिकर काढून गावभर चिकटवायला सुरुवात केली, कारण नसताना, लोक विचारात पडावेत म्हणून. परत पैलवानच बघा. पुढं त्यानं या पिक्चरमधला तो शब्द उचलला आणि चेहऱ्याखाली टाकला, म्हणजे हुकूम दिसला की माणूस चिडेल आणि प्रश्न विचारेल. २००१ ला त्याचीच कपड्यांची कंपनी झाली. २००८ ला ओबामांचं ते लाल-निळं गाजलेलं पोस्टर पण त्याचंच. म्हणजे आज्ञा पाळू नको हे सांगणारा शब्द आधी पिक्चर, मग स्टिकर, मग ब्रँड, मग कुठंतरी त्याची कॉपी, आणि ती कॉपी गड्ड्याच्या होम मैदानावरच्या स्टॉलवर दीडशे रुपयाला, आणि माझा भाचा म्हणतो अर्थ काय असतोय. याच्यावर मी रागवावं का हसावं मला अजून ठरवता आलेलं नाही. पिक्चरमधला तो बबलगमवाला डायलॉग, "मी इथं बबलगम चघळायला आणि तुडवायला आलोय, आणि बबलगम संपलंय", जो पायपरनं स्वतःच आणलेला, तो पण १९९६ च्या ड्यूक न्यूकेम गेममध्ये गेला आणि आमच्या सायबर कॅफेत तासाला पैसे भरून खेळणारी पोरं तो ऐकायची, पिक्चरचा पत्ता नसताना.

याहून वाईट एक झालं. "ते" म्हणजे कोण हे पिक्चर मुखवट्यात ठेवतो, त्यामुळं ज्याला ज्याचा राग त्यानं त्याला तिथं बसवलं. काही ज्यूद्वेष्ट्या लोकांनी हा पिक्चर ज्यूंच्या कटाबद्दल आहे असं पसरवलं, शेवटी जानेवारी २०१७ मध्ये कार्पेंटरला ट्विटरवर येऊन सांगावं लागलं की बाबांनो हा नवश्रीमंत आणि मोकाट भांडवलशाहीबद्दल आहे, ज्यूंचा काही संबंध नाही. पाटी कोरी ठेवली की कोणीपण येऊन लिहितो. पिक्चर जिवंत राहायला जे कारण आहे, तेच त्याचं दुखणं पण आहे.

खरा गॉगल पण कोणीतरी काढलाच. २०१८ मध्ये याच पिक्चरवरनं सुचलेला एक चष्मा अमेरिकेत लोकांकडनं पैसे गोळा करून बनवला, तो घातला की एलसीडी टीव्ही काळा दिसतो. जादू नाही. एलसीडी स्क्रीनमधनं येणारा उजेड एकाच दिशेत कंप पावत असतो आणि काचेची जाळी त्याला आडवी धरली की उजेड अडतो, दाराच्या उभ्या फटीतनं आडवी पट्टी जात नाही तसं. आमच्या दुकानात एकदा एक गिऱ्हाईक महागाचा पोलराइज्ड गॉगल घालूनच माझ्या मॉनिटरसमोर बसला आणि मान वाकडी करून म्हणतो, डिझाइन कुठाय, काळंच दिसतंय की वो. मी म्हणलं गॉगल काढा.

पिक्चर डोक्यात होता तेव्हा एकदा मी चेष्टा केली होती. नवी पेठेतल्या एका साडीवाल्यांचं सेलचं डिझाइन होतं, चार वेळा बदलून झालेलं, रात्रीचे अकरा वाजलेले, वैतागून मी पूर्ण पांढरा बॅकग्राउंड घेतला, मधे काळ्या ठळक अक्षरात फक्त "खरेदी करा" लिहिलं आणि प्रूफ म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवून दिलं. म्हणलं आता शिव्या येतील. सकाळी फोन आला.

"काय बे हे, फोटो कुठाय?"

"चेष्टा होती शेठ, दुसरं पाठवतो."

"थांब की. पोरगं म्हणतंय लांबनं दिसतंय. बाकीच्या रंगीबेरंगीत हेच उठून दिसेल." मग थोडा वेळ काहीच नाही, मागं मुलगा काहीतरी सांगत होता. "खाली आपला नंबर टाक, लाल रंगात. आणि फक्त तीन दिवस, ते पण टाक."

टाकलं. दहा बाय सहाचे आठ फ्लेक्स गेले त्याचे.